उडत्या कॅमेऱ्यास कोणता फोन हवा?

लग्नसराईच्या दिवसांत कार्यालयाच्या मांडवावर भुंग्यासारखें गुणगुणत फिरणारें चार पंख्यांचें यंत्र आतां कोणास नवीन राहिलेलें नाहीं. पंगतीस बसलेलीं मुलें माना वर करून त्याजकडे पाहतात, एखादी आजीबाई पदर सांवरून बसते, आणि अंगणाच्या कोपऱ्यांत एक तरुण हातांतील रिमोटवर चढविलेल्या मोबाईलमध्यें डोळे घालून उभा असतो. ह्या यंत्रास ड्रोन म्हणतात. तें आपल्याही घरीं असावें असें ज्यांस वाटतें त्यांच्या घरांत पहिला वाद किंमतीवरून होतो, आणि दुसरा, जरा अनपेक्षितपणें, मोबाईलवरून. कॉलेजांत जाणारे चिरंजीव सांगतात कीं, ड्रोनला आयफोनच लागतो, अँड्रॉइडवर भरंवसा ठेवतां येत नाहीं. वडिलांचा प्रश्न असतो कीं, खिशांतला फोन दोनच वर्षांपूर्वीं घेतलेला आहे, तो जर चालत नसेल तर खेळणें घ्यावयाचें आहे कीं खेळण्यासाठीं फोन?

वडिलांचा प्रश्न रास्त आहे. पण चिरंजीवांचें म्हणणेंही अगदींच निराधार नाहीं. तें कोठून आलें हें पुढें दिसेल. तूर्त एवढें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, ह्या वादाचा निकाल फोनच्या गुणदोषांवरून लावूं गेलें तर तो कधींच लागत नाहीं. ड्रोन उडत असतां फोनकडे नेमकें कोणतें काम असतें, हें प्रथम पाहिलें म्हणजे अर्धा वाद तेथेंच मिटतो.

संक्रांतीच्या सुमारास गच्चीवर उभ्या असलेल्या पतंगवाल्याच्या हातीं मांजा असतो आणि डोळे पतंगाकडे असतात. ड्रोनच्या बाबतींत मांजाचें काम रेडिओलहरी करतात. बहुतेक चांगल्या ड्रोनबरोबर दोन दांड्यांचा एक स्वतंत्र रिमोट मिळतो. दांड्या हलविल्या म्हणजे त्याची आज्ञा रिमोटमधील प्रेषक थेट विमानाकडे धाडतो, त्यासाठीं २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. विमानावरील कॅमेऱ्याचें चित्र त्याच वाटेनें परत रिमोटपर्यंत येतें, आणि तेथून एका आंखूड केबलनें फोनमध्यें जातें. म्हणजे मांजा रिमोटच्या हातीं असतो. फोन हा नुसता डोळा आहे. फोनचा पडदा काळा झाला, त्यांतील अ‍ॅप बंद पडलें, किंवा केबलच निसटली, तरी विमान खालीं कोसळत नाहीं. दांड्या हलविल्या तर तें हालतें, सोडल्या तर आपल्या जागीं तरंगत राहतें, आणि रिमोटवरील घरीं परतण्याचें बटण दाबलें तर जेथून उडालें त्या जागेकडे येऊं लागतें. ती जागा विमानानें स्वतःच्या उपग्रह-ग्राहकावरून, म्हणजे जीपीएसवरून, उडतांनाच टिपून ठेवलेली असते; फोनच्या जीपीएसचा तींत कांहीं संबंध नसतो. रिमोटशींच संबंध तुटला तरी कांहीं सेकंदांनीं विमान आपण होऊन परतावें अशी योजना ह्या यंत्रांत सामान्यतः केलेली असते.

हें एकदां उमजलें म्हणजे "अँड्रॉइड फोन अडकला आणि ड्रोन समुद्रांत गेलें" ह्यासारख्या गोष्टी ऐकतांना जरा अधिक चौकशी करण्याची बुद्धि होते. पुष्कळ वेळां फोन अडकलेला असतो हें खरें, पण यंत्र बुडालेलें असतें तें उडविणारा घाबरून भलत्याच दांड्या दाबीत सुटल्यामुळें, किंवा परतीची उंची झाडांपेक्षां कमी ठेवल्यामुळें.

मात्र ड्रोनची एक जात अशी आहे कीं जींत फोन हा डोळा नसून मांजाच असतो. फ्रान्समधील पॅरट ह्या कंपनीनें २०१० च्या जानेवारींत अमेरिकेंतील लास व्हेगास येथील प्रदर्शनांत एआर.ड्रोन नांवाचें यंत्र मांडलें. त्याला रिमोट असा नव्हताच. ड्रोन स्वतःचें वायफाय सोडी, फोन त्यास जोडला जाई, आणि हातांतला फोन जिकडे कलवावा तिकडे यंत्र झुके. लोकांस ह्या गमतीचें फार नवल वाटलें. आणि आरंभीं हें यंत्र फक्त आयफोन व त्याच्याच कुळांतील आयपॉड टच ह्यांवरून चालत असे. अँड्रॉइडची पाळी नंतर आली. "ड्रोनला आयफोनच लागतो" ह्या समजुतीचें एक मूळ येथें आहे. त्या काळीं तें अक्षरशः खरें होतें. रिमोटवांचून नुसत्या फोनवर चालणारीं यंत्रें पुढेंही निघत राहिलीं. २०१८ सालचें टेलो हें अवघ्या ८० ग्रॅमचें यंत्र तशाच प्रकारचें होतें, आणि मुलांस ह्या विद्येची ओळख करून देण्यासाठीं तें शाळांतूनही वापरलें गेलें. अशा यंत्रांच्या बाबतींत फोनची निवड ही खरोखरच सुरक्षिततेची बाब ठरते, कारण फोन बिघडला तर हातांत दुसरें कांहींच उरत नाहीं.

आतां दोन प्रणालींचा भेद. फोनमधील सर्व व्यवहार ज्या मूळ आज्ञावलीच्या देखरेखीखालीं चालतो तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. आयफोन २००७ सालीं आला. त्याची प्रणाली आयओएस. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ सालीं बाजारांत आला. आयओएस ही एकाच घरची पाककृति आहे: प्रणाली अ‍ॅपलची, फोन अ‍ॅपलचा, त्यांतली मुख्य चिपही अ‍ॅपलनेंच आंखलेली. अँड्रॉइडचें तसें नाहीं. प्रणाली गूगलची, परंतु ती घेऊन सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, मोटोरोला आदि कंपन्या आपापला मसाला घालतात, आणि आंत चिप कधीं क्वालकॉमची, कधीं मीडियाटेकची, कधीं आणखी कोणाची असते. ड्रोनचें अ‍ॅप लिहिणाऱ्या मंडळीस आयफोनचे पंधरावीस नमुने समोर ठेवून आपलें काम तपासून पाहतां येतें. अँड्रॉइडचे नमुने हजारोंनीं मोजावे लागतील. त्यांतील प्रत्येक कोण कसा तपासणार? आयफोन विश्वासू असल्याची जी कीर्ति झाली आहे ती फोन थोर आहे म्हणून तितकीशी नव्हे, तर तपासावयाचे फोन थोडे आहेत म्हणून झाली आहे.

ह्या भेदाचा परिणाम सर्वांत आधीं चित्रावर दिसतो. विमानाकडून येणारें चित्र जागा वांचावी म्हणून दाबून, घड्या घालून पाठविलेलें असतें. फोननें त्या घड्या उलगडून तें पडद्यावर दाखवावयाचें असतें. हें उलगडण्याचें काम फोनच्या चिपमधील एक खास भाग करतो, आणि तो भाग निरनिराळ्या चिपांत निरनिराळ्या तऱ्हेचा असतो. ज्या फोनशीं अ‍ॅपचें जमतें तेथें चित्र वाहत्या पाण्यासारखें येतें. ज्याच्याशीं जमत नाहीं तेथें तें अडखळतें, मध्येंच गोठतें, किंवा मागें पडतें. मागें पडणें हें गोठण्याहून वाईट, कारण तें दिसत नाहीं. विमान सेकंदास १० मीटर वेगानें, म्हणजे ताशीं ३६ किलोमीटरनें, जात असेल आणि पडद्यावरील चित्र पाव सेकंद जुनें असेल, तर पाहणाऱ्यास जेथें विमान दिसत आहे त्याच्या अडीच मीटर पुढें तें गेलेलें असतें. मोकळ्या माळावर ह्यानें कांहीं बिघडत नाहीं. नारळाच्या झाडांमधून जातांना अडीच मीटर पुष्कळ झाले.

तरी येथें चिरंजीवांची बाजू थोडी सैल होते. ही उणीव हलक्या व जुन्या अँड्रॉइड फोनांत अधिक आढळते. मध्यम किंमतीच्या पुढचे, नांवाजलेल्या कंपनीचे, गेल्या तीनचार वर्षांतले फोन हें काम सहसा बिनतक्रार करतात. ड्रोन बनविणाऱ्या कंपन्या आपल्या अ‍ॅपबरोबर कोणकोणते फोन तपासून पाहिले ह्याची यादी प्रसिद्ध करतात. खरेदीपूर्वीं ती यादी पाहणें हें शेजाऱ्याच्या मुलाचें मत घेण्यापेक्षां केव्हांही बरें.

अँड्रॉइडविषयीं खरी काळजी घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे, आणि ती घरांतील कर्त्या माणसांनीं विशेष लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे.

चीनमधील शेनझेन येथील डीजेआय ही कंपनी २००६ सालीं वांग ताओ ह्या तरुणानें काढली. २०१३ च्या आरंभीं तिचें फँटम हें यंत्र बाजारांत आलें, आणि हौशी ड्रोनांच्या व्यापारांत आज तिच्याइतकी मोठी दुसरी कंपनी नाहीं. तिचीं यंत्रें उडविण्याचें डीजेआय फ्लाय नांवाचें अ‍ॅप अ‍ॅपलच्या दुकानांत सरळ मिळतें. गूगलच्या प्ले स्टोअरमध्यें मात्र तें गेलीं कांहीं वर्षें ठेवलेलें नाहीं. अँड्रॉइडवाल्यास कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन तें उतरवून घ्यावें लागतें, आणि त्यासाठीं "अपरिचित ठिकाणाहून आलेलें अ‍ॅप बसवूं द्यावें काय?" ह्या फोनच्या प्रश्नास होकार द्यावा लागतो. हा होकार म्हणजे वाड्याच्या दिंडीची आगळ काढण्यासारखें आहे. ज्या पाहुण्यासाठीं ती काढली तो सज्जन असेलही. पण ती काढण्याची संवय लागली म्हणजे दुसऱ्या कोणा ठिकाणाहून, मूळच्याच नांवानें, बदललेली नक्कल घरांत शिरण्यास वाट होते.

ही शंका निव्वळ काल्पनिक नाहीं. २०२० च्या जुलैमध्यें फ्रान्समधील सिनॅक्टिव्ह व अमेरिकेंतील ग्रिम ह्या दोन संगणक-सुरक्षा संस्थांनीं डीजेआयच्या त्या वेळच्या डीजेआय गो ४ ह्या अँड्रॉइड अ‍ॅपची तपासणी करून दाखविलें कीं, तें अ‍ॅप गूगलच्या दुकानाला वळसा घालून स्वतःमध्यें परस्पर नवी आज्ञावली आणूं शकत होतें. आयफोनवरच्या त्याच अ‍ॅपांत ही सोय आढळली नाहीं, कारण अ‍ॅपल आपल्या दुकानाबाहेरून असें कांहीं येऊंच देत नाहीं. कंपनीनें उत्तर दिलें कीं, उड्डाणाच्या मर्यादा मोडण्यासाठीं लोक अ‍ॅपच्या बनावट प्रती वापरतात, त्यांस आळा घालण्याकरितां ही योजना होती. तिच्या हेतूविषयीं कोणास काय वाटावें तें वाटो. गृहस्थाच्या दृष्टीनें मुद्दा हेतूचा नाहीं. आज ज्या फोनवर ड्रोन उडावयाचें त्याच फोनवर भाजीवाल्यापासून विम्याच्या हप्त्यापर्यंत सर्वांचे पैसे यूपीआयनें जातात, बँकेचे गुप्त आंकडे त्याच फोनवर येतात. संध्याकाळच्या अर्ध्या तासाच्या मौजेसाठीं घरची तिजोरी व खेळण्याची पेटी एकाच कुलपाखालीं ठेवणें हें शहाणपणाचें दिसत नाहीं.

म्हणून अँड्रॉइड वापरणाऱ्यानें ड्रोनसाठीं एक वेगळा फोन ठेवणें सर्वांत उत्तम. तो नवा असण्याचें कारण नाहीं. घरांत नवीन फोन आल्यावर कपाटांत पडून राहिलेला, पण पडदा शाबूत असलेला फोन त्यास पुरतो. त्यांतील बँकेचीं व पत्रव्यवहाराचीं सर्व खातीं काढून टाकावीं, सिमकार्डही काढून ठेवावें, आणि अ‍ॅप कंपनीच्याच संकेतस्थळावरून घालावें. सिमकार्ड नसल्याचा आणखी एक लाभ आहे, त्याचा उल्लेख पुढें येईल. मात्र फार जुना फोनही कामाचा नाहीं. अ‍ॅपची प्रत्येक नवी आवृत्ति अमुक एका आवृत्तीपुढील प्रणाली मागते, आणि ज्या फोनास नव्या आवृत्त्या मिळणें बंद झालें तो एके दिवशीं मागें राहतो. ह्या बाबतींत आयफोनचा लौकिक पूर्वीपासून चांगला आहे. अँड्रॉइडकडे ही उणीव फार होती. २०२३ सालीं गूगलनें आपल्या पिक्सेल ८ ह्या फोनास व २०२४ सालीं सॅमसंगनें एस २४ ह्या मालिकेस सात वर्षें नव्या आवृत्त्या देण्याचें वचन दिलें, तेव्हांपासून निदान वरच्या वर्गांत ती भरून निघत आहे. स्वस्त फोनांस ह्याच्या निम्म्यानेंही आयुष्य मिळेल अशी खात्री धरतां येत नाहीं.

आतां एक उलट बाजू. ज्यांस केवळ समारंभाचीं चित्रें घ्यावयाचीं नसून शेताचें मोजमाप, इमारतींची पाहणी, ठरीव मार्गावर आपोआप उड्डाण असलें काम करावयाचें आहे, त्यांच्यापैकीं पुष्कळांस कंपनीच्या अ‍ॅपखेरीज इतरांनीं लिहिलेलीं अ‍ॅपें लागतात. डीजेआयनें अशा लेखकांसाठीं जी आज्ञासामग्री पुरविली आहे तिची पांचवी आवृत्ति २०२२ सालीं निघाली, आणि ती फक्त अँड्रॉइडसाठींच आहे. परिणामीं मिनी ३ सारख्या कांहीं नव्या यंत्रांसाठीं बाहेरच्या लेखकांचीं अ‍ॅपें अँड्रॉइडवरच मिळतात. आयफोनवाल्यास तीं वापरतां येत नाहींत. जे स्वतःच्या हातानें सुटे भाग जोडून ड्रोन बनवितात त्यांच्यांत क्यूग्राउंडकंट्रोल हें खुलें अ‍ॅप लोकप्रिय आहे. त्या मंडळींतही अँड्रॉइडचाच वावर अधिक. तेव्हां इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यानें आयफोनचा हट्ट धरणें हें सुताराच्या मुलानें चांदीचा हातोडा मागण्यासारखें होय.

रोजच्या वापरांतल्या अडचणी दोन्ही प्रणालींस सारख्याच आहेत, आणि यंत्रें गमावलीं जातात तीं बहुधा ह्यांपैकीं एखादीमुळें. पहिली अडचण उन्हाची. अ‍ॅपल आपल्या फोनविषयीं सांगतें कीं, भोंवतालची हवा ० ते ३५ अंश असतांना तो वापरावा. वैशाखांत नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि तेथें फोन उघड्या उन्हांत रिमोटवर आडवा पडलेला असतो. तापलेला फोन स्वसंरक्षणार्थ प्रथम पडदा मंद करतो, मग बॅटरी भरून घेणें थांबवितो, आणि तरीही तापला तर काम सोडतो. अँड्रॉइड फोनही ह्याच रीतीनें वागतात. म्हणून उन्हाळ्यांत सकाळीं लवकर उडवावें, फोनचें जाड रबरी कव्हर काढावें, आणि डोक्यावर टोपी असेल तर तिची सावली आपल्या नाकाऐवजीं पडद्यावर पडूं द्यावी. पडदा किती उजळतो हें फोन निवडतांना पाहण्यासारखें आहे. दुकानांतील दिव्याखालीं सगळेच पडदे सुंदर दिसतात, दुपारीं रस्त्यावर आणल्यावर खरी परीक्षा होते.

दुसरी अडचण फोन वाजण्याची. विमान तळ्याच्या मध्यावर आहे आणि पडद्यावर मावशीचें नांव झळकतें! संभाषण घेतल्यास अ‍ॅप मागें ढकललें जातें; कांहीं अँड्रॉइड फोन बॅटरी वांचविण्याच्या उत्साहांत मागें गेलेलें अ‍ॅप बंदच करून टाकतात. ह्यावर उपाय सोपा आहे: उडविण्यापूर्वीं फोन विमान-अवस्थेंत टाकावा. सिमकार्ड काढलेल्या फोनास हा प्रश्नच पडत नाहीं. नकाशा मात्र इंटरनेटवरून येत असल्यामुळें तो घरूनच उघडून पाहून ठेवावा, म्हणजे त्याची प्रत फोनमध्यें राहते.

तिसरी अडचण वायफायवर चालणाऱ्या, रिमोट नसलेल्या यंत्रांची आहे, आणि ती समजण्यास थोडी अवघड आहे. ड्रोनच्या वायफायवर इंटरनेट नसतें. फोनला वाटतें कीं हें वायफाय निकामी आहे, म्हणून तो सेवाभावानें मोबाईलच्या इंटरनेटकडे वळतो. आयफोनमध्यें २०१५ पासून अशी सोय आहे, आणि अँड्रॉइड फोनांतही ती निरनिराळ्या नांवांनीं असते. एरवीं उपयुक्त असणारी ही सोय ड्रोनच्या बाबतींत अडचणीची ठरते. ती बंद करून ठेवावी. शिवाय २०२० पासून आयफोन नव्या अ‍ॅपला जवळच्या जाळ्यांतील यंत्रांशीं बोलूं द्यावें काय, असें एकदां विचारतो. घाईनें "नको" म्हटलें तर पुढें ड्रोन दिसतच नाहीं, आणि गृहस्थ दुकानदारावर रागावतो. सेटिंग्जमध्यें जाऊन ती परवानगी पुनः देतां येते.

केबल ही क्षुल्लक वस्तु, पण तिजवांचून गाडें अडतें. आयफोनचें जुनें लाइटनिंग टोक २०२३ च्या आयफोन १५ पासून जाऊन यूएसबी-सी आलें. फोन बदलल्यावर रिमोटची केबलही बदलावी लागते हें पुष्कळांस डोंगरावर पोंचल्यानंतर आठवतें. अँड्रॉइडवाल्यांनीं नुसती बॅटरी भरणारी स्वस्त केबल घेऊं नये, तींतून चित्र येत नाहीं. रिमोटच्या चिमट्यास मापही असतें. डीजेआयच्या नेहमींच्या रिमोटमध्यें १८० मिलिमीटर लांब, ८६ रुंद व १० जाड एवढ्यापर्यंतचाच फोन बसतो, आणि हल्लींचे मोठे फोन कव्हरासकट ह्या मापाबाहेर जातात. टॅबलेटची तर गोष्टच नको.

चित्रें साठविण्याबाबत एक गैरसमज आहे कीं तीं फोनमध्यें जातात, म्हणून फोन मोठ्या साठ्याचा हवा. खरें चित्रण विमानांतील कार्डावर होतें; फोनमध्यें पाहण्यापुरती हलकी प्रत येते. मूळ चित्रण फोनवर उतरवूं गेल्यास मात्र जागा लागते. सेकंदास १०० मेगाबिट वेगानें केलेलें फोर-के चित्रण एका मिनिटास सुमारें ७५० मेगाबाइट भरतें. दहा मिनिटांत साडेसात गिगाबाइट. तें संगणकावर उतरविणें श्रेयस्कर.

ह्या सर्व कटकटींतून सुटण्याचा एक तिसरा मार्ग निघाला आहे, आणि ज्यांस खर्च परवडतो त्यांनीं फोनचा विचारच न करतां तो पत्करावा. २०१९ च्या जानेवारींत डीजेआयनें स्वतःचा पडदा असलेला रिमोट काढला; २०२२ पासून त्याचे हलके व तुलनेनें स्वस्त प्रकार मिनी ३ प्रो सारख्या यंत्रांबरोबर मिळूं लागले. पेटी उघडली, बटण दाबलें, आणि चित्र समोर. फोन नाहीं, केबल नाहीं, मावशी नाहीं. गंमत अशी कीं, ह्या रिमोटांच्या पोटांत असते ती अँड्रॉइडचीच एक आवृत्ति. जी प्रणाली भरंवशाची नाहीं म्हणून हिणविली जाते तीच, एका ठरीव चिपवर, एका ठरीव कामास जुंपली म्हणजे वर्षानुवर्षें नीट वागते. दोष प्रणालीचा होता कीं पसाऱ्याचा, ह्याचा निवाडा त्यावरून आपोआप होतो.

आतां परदेशीं असलेल्या आप्तांविषयीं. अमेरिकेंतून येणारा भाचा "येतांना एक ड्रोन घेऊन येतों" असें म्हणेल, तर त्यास वेळींच थांबविलें पाहिजे. ९ फेब्रुवारी २०२२ रोजीं भारत सरकारनें परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनांच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा ह्या कामांपुरता अपवाद ठेवला, आणि सुट्या भागांस मोकळीक दिली. भाच्याची भेट विमानतळावरच जप्त होण्याचा संभव असतो. ह्या देशांत उड्डाणाचे नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रास उडविणाऱ्याचा परवाना लागत नाहीं, आणि २ किलोपर्यंतचें यंत्र व्यापारासाठीं वापरावयाचें नसेल तर तेंही परवान्यावांचून चालतें. परंतु आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे भाग पाडलेले आहेत, आणि तांबड्या भागांत केंद्र सरकारच्या परवानगीवांचून टांचणीही उडवितां येत नाहीं. हिरव्या भागांत ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. पुणेंमुंबईकडच्या रहिवाशांनीं आपली गच्ची कोणत्या रंगांत येते हें सरकारी नकाशावर आधीं पाहावें. विमानतळ व लष्करी जागा जवळ असल्यास निराशेचीच तयारी ठेवावी.

येथें फोनसंबंधीं एक इशारा देणें प्राप्त आहे. अ‍ॅपनें उडूं दिलें म्हणजे कायद्यानें उडूं दिलें असें नव्हे. डीजेआयचें अ‍ॅप पूर्वीं निषिद्ध जागीं यंत्र उडूंच देत नसे. २०२५ च्या जानेवारींत कंपनीनें अमेरिकेंत तो अडसर काढला, आणि तेव्हांपासून तेथें अ‍ॅप केवळ सूचना देतें, निर्णय उडविणाऱ्यावर सोंपवितें. फोन आयफोन असो कीं अँड्रॉइड, दंडाच्या पावतीवर नांव माणसाचेंच येतें.

तेव्हां वडील व चिरंजीव ह्यांच्या वादांत निकाल द्यावयाचा तर तो असा द्यावा लागेल. घरांत आयफोन असेल तर तोच वापरावा. त्रास कमी होईल. घरांत बरा अँड्रॉइड असेल तर केवळ ड्रोनसाठीं आयफोन घेऊं नये; जुना सुस्थितींतला फोन त्या कामास वेगळा काढावा, आणि उरलेल्या पैशांत जादा बॅटऱ्या घ्याव्या. एका बॅटरीवर वीसपंचवीस मिनिटांपेक्षां फार अधिक उडतां येत नाहीं, आणि खरी हळहळ फोनपेक्षां ह्या बॅटरीपायींच वांट्यास येते. रिमोट नसलेलें, नुसत्या फोनवर चालणारें यंत्र घ्यावयाचें असल्यास मात्र फोन यादींतला आहे कीं नाहीं ह्याची खात्री पैसे देण्यापूर्वीं केलीच पाहिजे.

आणि यंत्र घरीं आल्यावर पहिल्याच दिवशीं एक प्रयोग अवश्य करावा. मोकळें मैदान गांठावें. उपग्रहांची जुळणी झाल्याचें अ‍ॅपनें सांगेपर्यंत थांबावें, परतीची उंची भोंवतालच्या झाडांच्या वर ठेवावी, आणि यंत्र दोनतीन मीटर उंचीवर नेऊन स्थिर करावें. मग वडिलांनीं रिमोट हातांत धरून असावें आणि चिरंजीवांनीं फोनची केबल ओढून काढावी. पडदा काळा होईल. यंत्र जागच्या जागीं गुणगुणत राहील. आतां फोनकडे न पाहतां, यंत्राकडे पाहत, डावी दांडी हलकेच खालीं ओढून तें गवतावर उतरवावें. केबल पुनः जोडावी, आणि हाच प्रयोग रिमोट चिरंजीवांच्या हातीं देऊन एकदां करावा.